अनुचित व्यापारी प्रथा : टी. टी. नगर (भोपाळ) येथील ग्राहकाचे कायदेशीर उपाय

टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. भोपाळचे न्यू मार्केट याच भागात आहे. तिथे फसगत झालेल्या गिऱ्हाइकाचा मुख्य आधार म्हणजे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ (अंमल जुलै २०२० पासून). अनुचित व्यापारी प्रथांविरुद्धची मूळ तरतूद मात्र जुनी आहे. मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियमात ती १९८४ साली आली आणि १९९३ च्या दुरुस्तीने तेव्हाच्या ग्राहक कायद्याला या प्रथांची स्वतःची व्याख्या मिळाली.

खोटी जाहिरात, जुना माल नवा म्हणून खपवणे, द्यायचीच नाहीत अशी बक्षिसे जाहीर करणे, बनावट माल विकणे हे सारे या व्याख्येत येते. २०१९ च्या कायद्याने त्यात बिल न देणे, सदोष माल परत न घेणे आणि ग्राहकाची खासगी माहिती परस्पर दुसऱ्याला देणे यांचीही भर घातली. बिलावर ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ असे छापले म्हणून दुकानदार सुटत नाही. माल सदोष असेल, तर बिलात दिलेल्या मुदतीत आणि मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांत तो परत घेऊन पैसे द्यावे लागतात. घरी गेल्यावर साडीचा रंग आवडला नाही, तर मात्र हे कलम कामाचे नाही.

पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा दुकानदार कायद्याच्या लेखी ग्राहक नव्हे. त्याला दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी शिलाई मशीन घेणारा शिंपी मात्र ग्राहक ठरतो.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायची. भोपाळमध्ये त्याला ‘उपभोक्ता आयोग’ म्हणतात. प्रत्यक्ष मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. तक्रारदार राहतो तिथेच तक्रार चालते, म्हणून मुंबईच्या कंपनीकडून ऑनलाइन घेतलेल्या वस्तूसाठी टी. टी. नगरच्या रहिवाशाला मुंबई गाठावी लागत नाही.

दुरुस्ती, बदली वस्तू, परतावा, भरपाई हे उपाय सर्वांना ठाऊक असतात. २०१९ च्या कायद्याचे कलम ३९ त्यापलीकडे जाते. आयोग ती प्रथाच बंद करायला सांगू शकतो, विक्रेत्याच्या खर्चाने चूक सुधारणारी जाहिरात द्यायला लावू शकतो. नुकसान झालेले ग्राहक पुष्कळ असून सहज ओळखता येत नसतील, तर सदोष मालाच्या किमतीच्या किमान २५ टक्के रक्कम भरायला लावण्याचीही सोय आहे. पिशवीचे वेगळे पैसे घेण्याच्या वादात राष्ट्रीय आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये ‘बिग बझार’ला ही पद्धत थांबवण्याचा आदेश दिला. रक्कम किरकोळ होती, पण असा आदेश हजारो गिऱ्हाइकांच्या उपयोगाचा असतो. आपल्या पैशांपुरतीच तक्रार लिहिणारा हा अर्धा कायदा वापरतच नाही.

घरखरेदीत ‘पायोनियर अर्बन’ प्रकरणाचा (२०१९) आधार मिळतो. बिल्डरचा एकतर्फी करार हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरवले. रेरा या स्थावर संपदा कायद्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही करता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत, पुनरावृत्तीस ५० लाखांपर्यंत दंड करू शकते; मात्र तो दंड तक्रारदाराच्या खिशात जात नाही. उघड लबाडी असेल तर पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा नोंदवता येतो. खटल्याआधी समेट हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

जिल्हा आयोगाच्या निकालावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होते आणि तो आयोगही भोपाळमध्येच आहे. हरलेल्या विक्रेत्याला अपिलाआधी आदेशातील निम्मी रक्कम भरावी लागते. आदेश धाब्यावर बसवला, तर एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.