नालबंद, प्राध्यापक आणि हरवलेले पोलाद

१९७३ सालची गोष्ट. अमेरिकेत हाताने चाकू घडवणाऱ्या कारागिरांच्या संघटनेचे प्रदर्शन भरले होते. मेरिलँड राज्यातील बिल मोरान नावाचे कारागीर तेथे काही चाकू घेऊन आले. त्यांच्या पात्यांवर वाहत्या पाण्यासारखी नक्षी होती. ती कोरलेली नव्हती, रंगवलेली नव्हती, पोलादातच होती. अशी पाती घडवणारे त्या काळी अमेरिकेत जवळजवळ कोणी नव्हते. मोरान यांनी स्वतः खटपट करून ही विद्या मिळवली होती. दुसऱ्या एखाद्याने ती जिवापाड जपून ठेवली असती. मोरान यांनी मात्र चाकूंबरोबर एक छोटी पुस्तिका आणली होती. पाते कसे घडवले हे तीत सांगितले होते, आणि ती त्यांनी इतर कारागिरांना फुकट वाटली.

कृती ऐकायला सोपी आहे. कमीजास्त कार्बन असलेल्या दोन प्रकारच्या पट्ट्या एकावर एक ठेवायच्या, भट्टीत पांढऱ्याशुभ्र होईपर्यंत तापवायच्या, वर टाकणखार टाकायचा आणि घणाने ठोकून एकजीव करायच्या. टाकणखारामुळे पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर वितळून निघून जातो आणि धातूला धातू चिकटतो. मग ती पट्टी लांबवून दुमडायची आणि पुन्हा ठोकायची. दोन थरांपासून सुरुवात करून आठ वेळा दुमडले की ५१२ थर होतात. (दुपटीचे गणित शिकवताना बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांबरोबर हेही उदाहरण द्यायला हरकत नाही.) शेवटी पाते आम्लात बुडवले की एक थर काळवंडतो, शेजारचा उजळ राहतो आणि नक्षी दिसू लागते.

१९७६ साली मोरान आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी पाती घडवणाऱ्या लोहारांची एक वेगळी संस्था काढली. या संस्थेची परीक्षा शिक्षकांना आवडेल अशी आहे, कारण तिच्यात लेखी काही नाही. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या पात्याने लोंबकळता, एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा. मग बांधकामाच्या जाड फळीवर घाव घालून तिचे दोन तुकडे करायचे, आणि तेही दोनदा. एवढे झाल्यावर त्याच धारेने हातावरचे केस भादरून दाखवायचे. शेवटी पाते शेगड्यात पकडून ९० अंशांत वाकवायचे. ते तुटता कामा नये. सर्वोच्च पदवी हवी असेल तर पाते निदान ३०० थरांचे असावे लागते.

ही परीक्षा अवघड का? धार टिकायला पोलाद कठीण हवे, पण कठीण पोलाद ठिसूळ असते. वाकायला ते चिवट हवे, पण चिवट पोलादाची धार लवकर जाते. एक शिवणाची सुई चिमट्यात धरून लालबुंद करा आणि चटकन पाण्यात बुडवा. वाकवायला गेलात तर ती कटकन मोडेल. दुसरी सुई तशीच तापवून हळूहळू थंड होऊ द्या. ती तारेसारखी वाकेल. (डोळ्यांवर चश्मा असू द्या, आणि प्रयोग शिक्षकांनीच करावा.) आपले लोहार विळ्याला 'पाणी देतात' तेव्हा हेच घडते. झटकन थंड केल्यावर कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला सवड मिळत नाही. ते लोखंडाच्या जाळीत अडकून तिला ताणून धरतात. चांगला लोहार धारेला एक न्याय लावतो आणि पाठीला दुसरा. पाठ पुन्हा थोडी तापवून तो तिचा ताठा काढून घेतो.

मोरान यांच्या पात्यांना लोक 'दमास्कस पोलाद' म्हणत, आणि इथे एक घोटाळा आहे. मध्ययुगात ज्या पात्यांनी हे नाव गाजवले ती थर जोडून केलेली नव्हतीच. ती पश्चिम आशियात घडवली जात, पण अनेकदा त्यांचे पोलाद जाई ते दक्षिण भारतातून. आजच्या तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडू या भागांत लोखंडाचे तुकडे आणि वनस्पतींचे भाग मातीच्या मुशीत बंद करून तापवत. तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने घालत, अशी नोंद युरोपीय प्रवाशांनी केलेली आहे. झाडपाल्यातील कार्बन लोखंडात शिरे, त्यामुळे त्याचा वितळणबिंदू उतरे आणि मुशीत पोलादाचा लहानसा गोळा तयार होई. कन्नड-तेलुगूतल्या 'उक्कू'चे इंग्रजांनी बहुधा 'वुट्झ' केले.

या गोळ्याचे कोडे युरोपात पोचले ते मुंबईमार्गे. मुंबईतील ब्रिटिश डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे नमुने पाठवले. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर रॉयल सोसायटीत निबंध वाचला. निबंधाच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले आहे! मुंबई फक्त बंदर होती. पण टपालाचा शिक्का पाहून गाव ठरवण्याची सवय जुनीच.

लंडनचे सुऱ्या-वस्तरे बनवणारे जेम्स स्टोडार्ट या पोलादावर बेहद्द खूश होते. त्यांनी एका तरुण रसायनशास्त्रज्ञाला हाताशी धरले. तो लोहाराचा मुलगा होता आणि त्याचे नाव मायकेल फॅरडे. वीज आणि चुंबकत्वाचे शोध लावण्याआधी फॅरडे यांनी मुशीत पोलाद वितळवण्यात बराच काळ घालवला. १८१९ साली त्यांनी वुट्झचे पृथक्करण केले आणि त्याचा गुण ॲल्युमिनियममुळे आहे असा निष्कर्ष काढला. तो साफ चुकला. पॅरिसमधील ब्रेआँ यांनी १८२० च्या दशकात कारण ओळखले : नेहमीपेक्षा अधिक कार्बन. तरीही हुबेहूब तशी नक्षी हमखास उमटवणे साधेना. दरम्यान मूळची परंपराही विझत गेली. तलवारींची मागणी सरली, विलायती पोलाद स्वस्त झाले आणि भट्ट्या थंडावल्या.

हे कोडे बऱ्याच अंशी सुटले ते विसाव्या शतकाच्या शेवटी, एका विजोड जोडीकडून. आयोवा स्टेट विद्यापीठातील धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हर्होवन, आणि फ्लॉरिडातील आल्फ्रेड पेंड्रे. पेंड्रे हे व्यवसायाने नालबंद, म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारे. चाकू घडवणे ही त्यांची हौस. वुट्झचे गोळे करण्याचा त्यांचा प्रयत्न आधीपासूनच चालू होता. मुशीत ते लोखंड, कोळसा, काचेचे तुकडे आणि हिरवी पाने घालत. काच वितळून वर तरंगते आणि धातूला हवेपासून वाचवते. कधी नक्षी येई, कधी येत नसे. वेगळे काय घडले ते कळत नसे. असे अनुभव प्रत्येक कारागिराला येतात. फरक इतकाच की पेंड्रे यांच्या प्रत्येक पात्याचा तुकडा आता सूक्ष्मदर्शकाखाली जाऊ लागला.

नक्षी म्हणजे सिमेंटाइट या लोह-कार्बन संयुगाच्या बारीक कणांच्या रांगा. पण हे कण रांगेतच का बसतात? कच्चा माल म्हणून क्युबेकमधील एक विशिष्ट लोखंड वापरले की नक्षी छान उमटे. त्या लोखंडात व्हॅनेडियमची भेसळ होती. किती? पोलादाच्या दहा लाख भागांत सुमारे चाळीस भाग पुरत. म्हणजे किलोभर पोलादात ४० मिलिग्रॅम. गोळा थिजताना ही भेसळ स्फटिकांच्या फटींमध्ये साचते. ठोकताना त्या फटी चपट्या होऊन थर बनतात आणि पुन्हापुन्हा तापवण्याच्या फेऱ्यांत सिमेंटाइट तिथेच वाढत जाते. खातरजमेसाठी त्यांनी पाते खूप तापवून नक्षी पुसून टाकली, आणि नव्या फेऱ्यांनी ती परत आणली. १९९८ साली त्यांनी कृतीसकट सगळे प्रसिद्ध केले.

व्हर्होवन यांनी पुढे एक तर्क मांडला. पूर्वीच्या काही खाणींतल्या धातुकात ही भेसळ आपोआप असावी. ती खाण संपली, दुसरीकडचे लोखंड आले, आणि तीच कृती करूनही नक्षी येईनाशी झाली. परंपरा विझण्याचे हे एक कारण असू शकेल. हा तर्कच आहे, सर्व संशोधकांना तो पुरेसा वाटत नाही. पण तो खरा असला, तर 'आपल्या कारागिरांनी विद्या लपवली म्हणून ती बुडाली' हे आपण वर्गात सहज बोलून जातो ते तपासून पाहावे लागेल. बापाने मुलाला मूस, पाला, आच, घाव, सगळे मनापासून शिकवले असेल. व्हॅनेडियमचे नाव त्याला कुठून सांगता येणार? ते मूलद्रव्य म्हणून ओळखले गेले तेच मुळी एकोणिसाव्या शतकात.

मोरान २००६ साली वारले. त्याच्या आदल्या वर्षी, २००५ मध्ये, व्हर्होवन यांनी पोलादाचे धातुशास्त्र समजावणारे एक पुस्तक लोहारांसाठी लिहून पुरे केले आणि तेही विनामूल्य उपलब्ध करून दिले. त्यात लोखंड-कार्बनची आकृती अगदी पहिल्यापासून समजावली आहे. ज्यांनी रसायनशास्त्र कधी शिकलेले नाही, पण तापलेल्या पोलादाचा रंग बघून तापमान ओळखता येते, असा वाचक त्यांनी नजरेसमोर ठेवला आहे.