गणपतीमागची भिंत

परवा भाचीचा फोन आला. "मामा, यंदा हातखंब्याला गणपतीमागची भिंत मी रंगवणार. ॲक्रिलिक कुठलं घेऊ?" दुकानदाराने म्हणे तिच्यासमोर तीन प्रकार मांडले: ट्यूबमधलं, बाटलीतलं आणि कापडावरचं. शिवाय घराच्या रंगकामातून उरलेला प्लास्टिक पेंटचा डबा पडवीत आहेच. मी म्हटलं, उद्या सांगतो. उत्तर येत नव्हतं असं नाही. त्या भिंतीसाठी याआधी एकदा मी रंगाच्या दुकानात गेलो होतो, आणि ते चांगलंच महागात पडलं होतं.

ही भिंत आमच्या नातेवाईक मंडळींना ठाऊक आहे. इतरांसाठी सांगतो. जांभ्याचं बांधकाम, वर चुन्याचा गिलावा. दर श्रावणात तिला चुन्याचा हात फिरायचा आणि मग आजी चित्र काढायला बसायची. दोन मोर, मध्ये कमळाचा वेल. रंग सगळे घरचेच: गेरू, चुना, चुलीवरची काजळी आणि निळ्या रंगाला चक्क कपड्यांची नीळ. हे सगळं डिंकाच्या पाण्यात कालवायचं. पुढच्या श्रावणात मोरांवर परत चुना. त्याचं कुणाला वाईट वाटल्याचं मला आठवत नाही, आजीला तर नाहीच.

२००४ चा गणपती तिचा शेवटचा ठरला. त्यानंतर त्या भिंतीला चुना लावायचं कुणाच्याच जिवावर येईना. तेव्हा मी शहाणपणा केला. शहरातून पारदर्शक ॲक्रिलिक व्हर्निशची बाटली आणली आणि मोरांवर दोन हात मारले. मोर कसे चकाकले! आता हे कायमचे राहणार, असं मी सगळ्यांना सांगितलंसुद्धा. पहिल्या पावसात फुगे आले. दुसऱ्या पावसात नखाएवढे, मग तळहाताएवढे पापुद्रे सुटले, आणि व्हर्निशबरोबर मोर, वेल, खालचा चुना सगळंच खाली आलं. आईने ते सुपात भरून जास्वंदीच्या बुंध्याशी टाकलं. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

असं का झालं ते शोधता शोधता मी ॲक्रिलिकच्या इतिहासात शिरलो.

कुठल्याही रंगात मुख्य गोष्टी दोनच. एक रंगाची पूड, दुसरी ती पूड धरून ठेवणारं काहीतरी, म्हणजे बाइंडर. गेरू तोच. डिंकात कालवला तर जलरंग, जवसाच्या तेलात घोटला तर तैलरंग, ओल्या चुन्यावर बसवला तर चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होतो आणि गेरूला पोटात धरून ठेवतो. आपल्या कोकणात आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवर लाल-पांढरी कावी कला दिसते, ती याच जोरावर. ॲक्रिलिक म्हणजे या यादीतला सगळ्यात धाकटा बाइंडर.

जर्मनीत ओटो रोम नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९०१ मध्ये ॲक्रिलिक रसायनांवर आपला प्रबंध लिहिला. १९०७ मध्ये त्याने ओटो हास याच्याबरोबर कंपनी काढली. पुढे १९३० च्या दशकात यातूनच काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक आलं, आणि दुसऱ्या महायुद्धात ते विमानांच्या खिडक्यांना लागलं. पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक बाजारात आलं ते १९५३ च्या सुमारास, अमेरिकेत. तेही चित्रकारांसाठी नव्हे, घरांच्या भिंतींसाठी! १९५५ मध्ये हेन्री लेव्हिसन याने त्याच धर्तीवर चित्रकारांचा रंग काढला, त्याचं नाव लिक्विटेक्स. म्हणजे पडवीतला तो डबा आणि दुकानातली महागडी ट्यूब ही सख्खी भावंडं, आणि डबा थोरला.

मग फरक कशात? ट्यूबमध्ये पूड जास्त आणि रंग घट्ट, ब्रशच्या खुणा राहतात. हस्तकलेच्या बाटलीत रंग पातळ आणि पूड कमी, खडूसारखी भर जास्त. स्वस्त पडतो, पण उन्हात फिका पडण्याची भीती. कापडाच्या रंगात बाइंडर मऊ, घडी घातली तरी तडकू नये म्हणून. (आत्याने याच रंगांनी एके काळी घरातली एक उशी सोडली नव्हती!) भिंतीच्या डब्यात पांढरी भर भरपूर, म्हणून भडक छटा त्यात नीट खुलत नाहीत.

पण चौघांचा स्वभाव एक. प्लास्टिकचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात, पाणी उडालं की एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा होतो. तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. आता आमची भिंत बघा. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जांभा पाणी पितो, चुना ते हळूहळू हवेत सोडतो. मी व्हर्निश लावून भिंतीचं तोंडच बंद केलं. आतली ओल बाहेर पडायला वाट शोधत होती, तिने मोरांना ढकलून दिलं.

या जुन्या-नव्याच्या पेचातून एका माणसाने काढलेली वाट मला फार आवडते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. वारली घरात लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा, डिंक घातलेला पांढरा रंग. लग्न झालं की चित्राचं काम संपलं. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर पोचले, आणि म्हशांची चित्रं भिंतीवरून कागद-कापडावर आली. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या कितीतरी कॅनव्हासखाली साहित्य म्हणून लिहिलेलं असतं: शेण आणि ॲक्रिलिक. चित्र दूरदेशी जाणार, टिकायला हवं, म्हणून रेघ ॲक्रिलिकची. जमीन मात्र शेणाची, घरातल्यासारखी.

हे वाचलं तेव्हा माझी चूक मला नीट कळली. रंग निवडताना मी फक्त टिकाऊपणा पाहिला. चित्र कशावर आहे आणि किती दिवसांसाठी आहे, हे विचारलंच नाही. गणपतीचंच बघा ना. मूर्ती पाण्यात जायची, तिचा रंग पाण्याबरोबर जावा हेच बरं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित सूचनाही मूर्तीला नैसर्गिक, विरघळणारे रंग वापरा म्हणतात. मूर्तीमागची भिंतही वर्षापुरतीच असायची. आजीला ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी भाचीला फोन केला. म्हटलं, भिंतीला यातलं काहीच नको. चुना, गेरू, नीळ, डिंक, एवढं घे. आणि ठेवायचं चित्र हवं असेल तर फळीवर वेगळं काढ, त्याला ट्यूबमधलं ॲक्रिलिक घे. ती म्हणाली, "मग पुढच्या वर्षी भिंतीवरचं पुसायचं?" मी हो म्हटलं. जरा थांबून म्हणाली, "चालेल. पुढच्या वर्षी मोर नाही, हत्ती काढीन."

असो. पणजीचे मोर तिने पाहिलेले नाहीत. मंडळी, तुमच्यापैकी कुणाच्या जुन्या अल्बममध्ये आमच्या गणपतीचा फोटो असेल तर मूर्तीच्या मागे जरा निरखून बघा. मोराची शेपटी दिसली तरी मला कळवा.