द्यूताध्यक्षाची सभा व आधुनिक ‘इतर पण’

इ. स. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत भारताच्या संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं एक कायदा संमत केला व २२ ऑगस्ट रोजीं त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. जुन्या पोथ्यांत रमणाऱ्या आमच्या वाचकांस त्याचें काय होय, असें कोणी विचारील. परंतु त्या कायद्यांतील ‘इतर पण’ या शब्दांची व्याख्या वाचल्यावर कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणाचा शेवटचा अध्याय पुन्हां काढून पाहणें आम्हांस भाग पडलें.

व्याख्या अशी आहे कीं, पण म्हणजे केवळ नाणें नव्हे. पैशानें प्रत्यक्ष वा आडमार्गानें विकत घेतलेलीं खेळांतील चिन्हें, नाणीं, वस्तु, जें जें पैशाच्या तोलाचें किंवा पैशांत पालटतां येण्याजोगें तें सर्व पणच होय. हा खटाटोप कशासाठीं, हें आम्हांस आमच्या नातवानें समजावून दिलें. हल्लींच्या संगणकीय खेळांत शस्त्रें व त्यांवरील रंगरूप विकत मिळतें. तें हातांत कधींच येत नाहीं, तरी त्यास गिऱ्हाईक असतें. काउंटर-स्ट्राइक नांवाच्या खेळांत बंद पेटी मिळते, तिची किल्ली रोख पैसे देऊन घ्यावी लागते, आणि पेटींतून काय निघावें हें दैवाधीन असतें. निघालेली वस्तु पुढें विकतां येते. किल्ल्यांचाही असाच व्यापार चाले. इ. स. २०१९ च्या ऑक्टोबरांत त्या खेळाच्या मालक कंपनीनें, वाल्व्हनें, नव्यानें घेतलेल्या किल्ल्यांचा क्रयविक्रय बंद केला. ठकांच्या टोळ्या आपली मिळकत पालटून घेण्यास किल्ल्या वापरतात व बाजारांतील जवळजवळ सर्व किल्ल्यांचा उगम असाच आहे, असें कारण तिनेंच जाहीर केलें.

आतां कौटिल्य पाहूं. द्यूत एकाच ठिकाणीं, अध्यक्षाच्या देखरेखीखालीं खेळवावें; अन्यत्र खेळणारास बारा पण दंड. हेतु स्पष्ट सांगितला आहे: गुप्त उपजीविका करणारे लोक कळावे. फांसे व कवड्या अध्यक्षानें शुद्ध ठेवाव्या. त्या बदलणारास पुन्हां बारा पण. जिंकलेल्या द्रव्याचा शेंकडा पांच भाग अध्यक्ष घेई, शिवाय साधनांचें भाडें व पाणी, जागा यांचेंही मोल. फांशांतील, जागेंतील किंवा हाताच्या लबाडीकडे त्यानें डोळेझांक केली तर दंड दुप्पट. याच ओघांत एक लहानसें वाक्य येतें, त्यावर भाषांतरकार फारसे थांबत नाहींत. त्यांत द्रव्याचें ‘आधान’ व ‘विक्रय’ सांगितला आहे, म्हणजे गहाण व विक्री. पूर्वीच्या वाक्यांतून कर्ता अध्यक्षच येतो, यांत आम्हांस संशय नाहीं. हरलेला माणूस अंगावरचें कडें किंवा उपरणें कोठें तरी मोडणारच. तें बाहेरच्या अंधारांत न मोडतां सभेंतच, अधिकाऱ्यासमोर मोडावें, असा याचा अर्थ आम्ही लावतों. चोरीचा माल उजेडांत येतो तो याच दारांतून. काउंटर-स्ट्राइकच्या किल्ल्यांचें प्रकरण याहून निराळें काय होतें?

मात्र राजाच्या शुद्ध हेतूवर फार भरंवसा ठेवण्याचें कारण नाहीं. शेंकडा पांच, वर भाडें, वर गहाणविक्री, एवढें उत्पन्न ज्या सभेंतून येतें ती केवळ चोर ओळखण्यासाठीं चालविली जात नसते. याज्ञवल्क्य हेंच चोरांचें कारण देतो, आणि राजाचा भाग पोंचला असेल तरच जिंकलेलें द्रव्य वसूल करून द्यावें, असेंही सांगतो! मनूनें उलट द्यूत व समाह्वय दोन्ही उघड चोरी म्हणून राष्ट्रांतून घालवावीं असें ठरविलें. मनूनें निषेध केला व इतरांनीं राजभागासह मोकळीक दिली, ही भिन्नता बृहस्पतीनें नोंदूनच ठेविली आहे.

इंग्रजी अमदानींतले कायदे, इ. स. १८६७ चा व मुंबई इलाख्याचा १८८७ चा, झाले तेव्हां अर्थशास्त्र छापलेलें नव्हतें. शामशास्त्र्यांची आवृत्ति १९०९ ची. तथापि निव्वळ कौशल्याच्या खेळांस त्या दोहोंनीं सूट दिली. पुढें सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं चमारबागवाला खटल्यांत कौशल्यप्रधान स्पर्धा द्यूत नव्हे असें ठरविलें, व १९६८ सालीं रमी हा पत्त्यांचा खेळ मुख्यतः कौशल्याचा मानला. या ढालीआड पैशाच्या खेळांचा ऑनलाइन व्यापार फोफावला. २०२५ च्या कायद्यानें ती ढाल काढून घेतली: कौशल्य असो वा दैव, पैसा लावून पैशाची आशा धरली कीं खेळ निषिद्ध. खेळ चालविणारास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पैशाची नेआण करून देणारासही तितकेंच. येथें मनूची सरशी झाली.

पण सर्वस्वीं नव्हे. हरलेल्यास जेत्याहून अधिक दंड असावा, असें आचार्यांचें मत कौटिल्य देतो व खोडतो. हरलेल्यालाच जादा शिक्षा केली तर राजाकडे कोणी येणारच नाहीं. नव्या कायद्यांतही खेळणारास शिक्षा नाहीं. विद्या व शिल्प यांतील चढाओढ कौटिल्यानें द्यूताच्या नियमांतून वगळली. नवा कायदा ई-स्पोर्ट्सना तसाच वगळतो, प्रवेशशुल्क व बक्षीस चालतें, पैज चालत नाहीं. राहिली ती सभा. ती आतां कोठेंच नाहीं. बंदी योग्य कीं अयोग्य, हा वाद आम्ही घालीत नाहीं. घरें बुडालेलीं आम्हीही पाहिलीं आहेत. परंतु खेळांतील वस्तूंची मोड आतां ज्या दारांत होईल तेथें नोंद ठेवणारा कोणी नसेल, तर कौटिल्याचा गूढाजीवी तेथेंच जाऊन बसेल, असें आमचें मत आहे.

मराठी अमदानींत द्यूतावर दंड बसल्याचीं किंवा द्यूतप्रतिपदेस मोकळीक दिल्याचीं अस्सल कागदपत्रें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांच्या नकला या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवाव्या. गहाण पडलेल्या वस्तूंची यादी असलेला कागद मिळाल्यास तो आम्हांस प्रथम पाहावयाचा आहे.