औषधव्यवसायी व औषधयोजनेचा अधिकार

रोगाचे निदान करून कोणते औषध, किती मात्रेत व किती काळ द्यावयाचे हे ठरविणे म्हणजे औषधयोजना होय. चिठ्ठीनुसार ते औषध सिद्ध करून वा तपासून देणे हे औषधव्यवसायीचे, म्हणजेच फार्मासिस्टचे, काम होय. भारतात या दोन कामांमधील सीमारेषा विसाव्या शतकात कायद्याने आखली गेली.

तत्पूर्वी दवाखान्यांतून औषधे देण्याचे काम प्रायः कंपाउंडर करीत. त्यांच्या शिक्षणात व नोंदणीत एकसूत्रता नव्हती. रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने (१९३०-३१) ही उणीव निदर्शनास आणली. पुढे १९४० चा औषध अधिनियम, १९४५ चे नियम व १९४८ चा फार्मसी अधिनियम अस्तित्वात आले. पहिल्या नोंदपुस्तकात किमान पाच वर्षे अनुभव असलेल्या कंपाउंडरांनाही स्थान देण्यात आले. तथापि औषधयोजनेचा अधिकार औषधव्यवसायीस मिळाला नाही. अनुसूची ‘एच’ मधील औषध त्यास चिठ्ठीविना देता येत नाही. तसेच चिठ्ठीतील अशा औषधाऐवजी त्याच घटकाचे दुसरे औषधही देता येत नाही.

रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात या मर्यादेचे महत्त्व विशेष आहे. सह्याद्री व समुद्र यांमधील हा प्रदेश खाड्यांनी छेदलेला असून वस्ती विखुरलेल्या वाड्यांची आहे. डॉक्टर दूर असल्यास रोग्याने प्रथम औषधाच्या दुकानाकडे वळणे स्वाभाविक ठरते. अनुसूची ‘के’ नुसार १,००० पर्यंत लोकसंख्येच्या खेड्यात पॅरासिटामॉल, मलमे यांसारखी घरगुती औषधे परवान्याविना विकता येतात. पण प्रशिक्षित औषधव्यवसायीस चिठ्ठी लिहिण्याची मुभा नाही.

महाराष्ट्राने औषधयोजनेचा अधिकार विस्तारला, तो अन्य मार्गाने. २०१४ च्या दुरुस्तीने औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी व्यावसायिकांना आधुनिक औषधे देण्याची वाट मोकळी केली. तिला वैद्यक संघटनेने न्यायालयात आव्हान दिले. ब्रिटनमध्ये मात्र अतिरिक्त प्रशिक्षण घेतलेल्या औषधव्यवसायींना २००३ मध्ये डॉक्टरांशी ठरलेल्या योजनेनुसार व २००६ मध्ये स्वतंत्रपणे औषधयोजना करण्याचा अधिकार मिळाला.

भारतात या मागणीवर दोन प्रमुख आक्षेप घेतले जातात : निदानाच्या शिक्षणाचा अभाव व विक्रेत्याचा आर्थिक हितसंबंध. २००८ पासून सुरू झालेल्या, रुग्णालयीन प्रशिक्षणाचा समावेश असलेल्या फार्म.डी. अभ्यासक्रमाने पहिल्या आक्षेपाची धार काहीशी बोथट केली आहे. दुसरा मात्र कायम आहे. कारण औषध सुचविणारा व विकणारा एकच असल्यास अनावश्यक औषधाचा, विशेषतः प्रतिजैविकांचा, खप वाढण्याचा धोका संभवतो.