दारूची तपासणी : पुराव्यापासून समुपदेशनापर्यंत

निजामाच्या हैदराबाद राज्यात असताना परभणी जिल्ह्यात दारू हा महसुलाचा विषय होता. फसली १३१६ चा, म्हणजे १९०६-०७ च्या सुमाराचा हैदराबाद अबकारी कायदा तिथे लागू होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये त्या राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा इथेही लागू झाला. विनापरवाना पिणे हाच गुन्हा ठरल्याने सरकारी दवाखान्यातला डॉक्टर पुराव्याचा साक्षीदार बनला.

मात्र नुसत्या वासावर गुन्हा शाबीत होईना. १९५१ मध्ये मुंबईत जीपची धडक देणाऱ्या बेहराम पेसिकाका यांनी वासाचे कारण म्हणून आपण बी. जी. फॉस हे औषधी टॉनिक घेतल्याचे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये त्यांना दारूबंदीच्या आरोपातून सोडले. पुढे कायद्यात मर्यादा आली: रक्तात ०.०५ टक्के किंवा जास्त मद्यार्क आढळल्यास तो निषिद्ध दारूचा नाही, हे आरोपीने सिद्ध करायचे. १९५९ च्या रक्ततपासणी नियमांनी पद्धतही ठरवून दिली. शिरेतून किमान पाच घनसेंटिमीटर रक्त काढायचे, ते काढताना कुठेही स्पिरिट लागू द्यायचे नाही आणि कुपी लाखेने मोहोरबंद करायची. ‘अ’ नमुन्यात श्वासाचा वास, चाल, बोलणे, डोळ्यांच्या बाहुल्या यांची नोंद करायची. रुग्ण किती वर्षे पितो, घरात काय चालले आहे, याच्याशी त्या कागदाला कर्तव्य नव्हते. वाहनचालकांसाठी १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही आणखी कडक मर्यादा आहे.

दुसरी वाट उपचाराची होती. बोस्टनमध्ये मॉरिस चॅफेट्झ यांनी तातडीच्या विभागात आलेल्या मद्यपींशी तिथेच बोलून त्यांना उपचाराकडे वळवून पाहिले. हे काम १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी आली. गुण ० ते ४०. आठ किंवा अधिक आल्यास पिणे धोक्याचे समजायचे. मग दोष न देता गुण सांगायचे, धोका समजावायचा आणि कमी करायचे की सोडायचे हे रुग्णाकडूनच ठरवून घ्यायचे.

गोव्यात ‘संगत’ संस्थेने ही रीत प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेली. ‘ऑडिट’मध्ये १२ ते १९ गुण मिळालेल्या पुरुषांशी प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेले समुपदेशक एक ते चार बैठकांत बोलले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांपैकी ३६ टक्के पुरुष आठ गुणांच्या खाली आले, समुपदेशन न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते.

परभणीत समुपदेशनाची वाट शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नातून आली. २०१५ मध्ये राज्याने १४ जिल्ह्यांत सुरू केलेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त परभणीचा समावेश होता. मानसिक ताणातल्या माणसाला गावातच हेरून समुपदेशनापर्यंत पोचवण्याचे काम त्यात आशा कार्यकर्तींकडे आले.