हापूसचं गाव कोणतं?

मंडळी, एप्रिलमध्ये दादर स्टेशनबाहेर एक गंमत बघा. "कोणता आंबा?" म्हटलं की आंबेवाला नुसतं "हापूस" म्हणत नाही, "देवगड!" म्हणतो. फ्रेंच वाईनचंही तेच. शाब्लीच्या बाटलीवर गावाचं नाव ठळक, शार्दोने या द्राक्षाचं बहुतेक वेळा नसतंच.

कारण जात कलमाने कुठेही नेता येते, आमच्या भाषेत कॉपी-पेस्ट! पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात कलमं बांधून जोपासलेला हापूस आज कर्नाटकातही पिकतो. माती आणि समुद्राची हवा मात्र कॉपी होत नाही.

बोर्दोत १८५५ साली दलालांनी बाजारभाव बघून वाईनचे पाच वर्ग पाडले. त्यानंतर पहिल्या वर्गात बढती मिळाली एकाच शातोला, तीही १९७३ मध्ये. गावाच्या नावाला कायद्याचं कवच फ्रान्समध्ये १९३५ पासून देशभर आहे. आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ मध्ये. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे.

पण बाटलीला सील असतं, आंब्याच्या पेटीला बहुतेक वेळा नसतं. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत शिरला की खिसा आपला कापला जातो आणि नाव कोकणातल्या बागायतदाराचं जातं. तेव्हा यंदा भाव करण्याआधी बाग कुठली ते विचारा!