रिमोटची किल्ली आणि चुगलखोर चिप

शेजारच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या यावरून तिकडे आज भात आहे की राजमा, हे न विचारता कळतं. दार उघडलं नाही, झाकण उचललं नाही, फक्त आवाज ऐकला. आमच्या धंद्यात याला साइड चॅनल म्हणतात. आजची गोष्ट आहे गाडीच्या आणि गॅरेजच्या रिमोटमधल्या अशाच एका शिट्टीची.

१९८० च्या दशकात चला, दक्षिण आफ्रिकेत. तेव्हाचे साधे रिमोट दर वेळी तोच कोड पाठवायचे. कोणी तो रेकॉर्ड केला आणि पुन्हा वाजवला, की दार उघडं! त्यावर नॅनोटेक या कंपनीसाठी गिडिऑन कून यांनी कीलॉक नावाचा सायफर तयार केला. बटण दाबलं की आतला काउंटर एकाने पुढे सरकतो, तो एन्क्रिप्ट होतो, म्हणून दर वेळी नवा कोड. ब्लॉक फक्त ३२ बिटांचा, किल्ली ६४ बिटांची, आणि ५२८ फेऱ्या. प्रत्येक फेरीत किल्लीचा एकच बिट वापरायचा. इतका आटोपशीर, की स्वस्तातल्या चिपमध्ये आरामात बसेल. १९९५ मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने तो १ कोटी डॉलरहून जास्त मोजून विकत घेतला, आणि मग तो जगभर पसरला.

आता इथे एक ग्यानबाची मेख आहे. प्रत्येक रिमोटची किल्ली वेगळी, पण ती तयार होते रिमोटच्या सिरीयल नंबरपासून आणि उत्पादकाच्या एका मास्टर किल्लीपासून. आणि ही मास्टर किल्ली त्या उत्पादकाच्या प्रत्येक रिसीव्हरमध्ये बसलेली!

दरम्यान १९९९ च्या क्रिप्टो परिषदेत पॉल कोचर, जोशुआ जाफे आणि बेंजामिन जून यांनी एक शोधनिबंध मांडला होता. चिपमध्ये ० चा १ किंवा १ चा ० झाला की किंचित वीज खर्च होते. तो खर्च ऑसिलोस्कोपवर अनेकदा मोजायचा, किल्लीच्या एखाद्या तुकड्याबद्दल अंदाज बांधायचा, आणि कुठला अंदाज मोजमापाशी जुळतो ते आकडेशास्त्राने बघायचं. गणित कितीही भक्कम असो, चिप चुगली करते. याचं नाव डिफरन्शियल पॉवर अ‍ॅनालिसिस.

कीलॉकवर गणिताच्या वाटेनेही हल्ले झाले. २००८ मधल्या एका हल्ल्यात रिमोट तासाभरापुरता हातात लागायचा, आणि नंतर ६४ प्रोसेसर कोअरवर आठवडाभर हिशोब. भारी आहे, पण चोराला परवडणारं नाही. त्याच वर्षी जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या गटाने इराणमधल्या सहकाऱ्यांसोबत वीज मोजली. फेरीला किल्लीचा एकच बिट असल्यामुळे शेवटाकडून एकेक बिट उलगडत जाता येतं. जो साधेपणा चिप स्वस्त करत होता, तोच इथे अंगलट आला. विजेच्या फक्त १० नोंदी, काही मिनिटं, आणि रिमोटची नक्कल तयार.

खरा धक्का पुढे आहे. तशाच पद्धतीने त्यांनी रिसीव्हरमधून मास्टर किल्लीही काढली. ती एकदा मिळाली की ऑसिलोस्कोपची गरजच संपली. लांब उभं राहून रिमोटचे जास्तीत जास्त दोन संदेश ऐकायचे, की नक्कल झाली. अवघड काम एकदाच एखाद्या तज्ज्ञाकडून करून घ्यायचं, पुढचं कोणालाही जमतं. मालकाला पत्ताही लागत नाही.

गंमत बघा, याच बोखुममधल्या मंडळींचा हात असलेला प्रेझेंट हा हलका सायफर आदल्याच वर्षी, २००७ मध्ये आला होता. तेव्हा अभिमानाचा आकडा होता साधारण १,५७० गेट्स. हलका म्हणजे चिपवर जागा कमी, एवढाच हिशोब. माझ्या मते हा हिशोब अर्धवट होता. ज्या वस्तूसाठी हलका सायफर बनवता, ती वस्तू तर लोकांच्या खिशात फिरते, म्हणजे हल्लेखोराच्या हातातही सहज येते. तिथे वीज मोजायला कोण अडवणार?

उपाय आहे मास्किंग. गुपित रँडम तुकड्यांत वाटायचं, म्हणजे एका तुकड्याची वीज मोजून काहीच कळत नाही. एक्सॉर प्रत्येक तुकड्यावर सुटं करता येतं, फुकटात पडतं. पण अँड करायला तुकड्यांना एकमेकांशी बोलावं लागतं, आणि तुकडे वाढवले की खर्च भराभर फुगतो. म्हणून अँड किती, हा प्रश्न कळीचा झाला. एईएसच्या ८ बिटांच्या एस-बॉक्सची नावाजलेली मांडणी ३२ अँड घेते. २०१४ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या गटाने आणलेल्या अ‍ॅस्कॉनच्या ५ बिटांच्या एस-बॉक्समध्ये अँड फक्त ५. संरक्षण घातल्यावर किती भार पडेल, याचा विचार इथे आधीपासूनच होता.

अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २०१८ मध्ये हलक्या सायफरसाठी प्रवेशिका मागवल्या, ५७ आल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये अ‍ॅस्कॉन निवडला गेला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचं मानक पक्कं झालं. पण तो नुसता बसवला तर चिप चुगली करणारच, मास्किंग वेगळं घालावं लागतं. आणि भिंतीवरच्या जुन्या कीलॉक रिसीव्हरला तर फोनसारखा अपडेटही येत नाही, तो काढून नवाच बसवावा लागतो.